दोन डोळ्यांचं पाकीट

मंसिर २७

आज डोळ्यांच्या दवाखान्यात, बाहेरच्या विभागात सहाशे चाळीस माणसं. धुकं दहा वाजेपर्यंत हटलं नाही, तरी सीमेपलीकडून, भारतातून आलेल्या गाड्या सहालाच फाटकाशी उभ्या होत्या. थंडीत ऑपरेशन केलेला डोळा चांगला बसतो, हे या लोकांच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. असं काही नसतं, हे मी एकोणीस वर्षं सांगत आले. आता सांगायचंही सोडलंय.

आमच्या डॉक्टर तुलाधर मॅडमच्या अभ्यासाचा हा चौथा हिवाळा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला माणूस आला की त्याला यंदापासून माझ्या टेबलाशी पाठवतात. माझ्या छातीवरच्या पट्टीवर 'समुपदेशक' लिहिलंय, पण लोक मला कागदवाली दिदी म्हणतात. मी समजावते : एक डोळा उद्या आणि दुसरा महिन्याने, ही जुनी रीत. दोन्ही एकाच दिवशी केले तर लांबची दुसरी खेप वाचते, पण जंतू शिरले तर दोन्ही डोळ्यांत शिरतील अशी धास्ती. कुठलं बरं, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. म्हणून चिठ्ठीवर सोडलंय. पटत असेल तर अंगठा द्या. अंगठा उमटला की गठ्ठ्यातलं पुढच्या नंबरचं बंद पाकीट उघडायचं. आत 'एक' नाहीतर 'दोन'.

आज हेच अठ्ठावीस वेळा बोलले. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "भात एकदा वाढू की दोनदा?" आणि मला हसूही आलं नाही.

पूस ३

आज पुन्हा केलं. इथे लिहून ठेवते, दुसरीकडे बोलायची सोय नाही.

मिश्र मास्तर आले होते. माझ्या मामाला यांनीच शिकवलं. पाकिटात 'एक' निघालं. मास्तर म्हणाले, "बेटी, महिन्याने मला कोण आणणार? मुलगा दिल्लीला, सूनबाई त्याच्यामागे." मी पुढचं पाकीट उघडून पाहिलं, त्यात 'दोन' होतं. ते मास्तरांच्या नावावर टाकलं. मागे एक बाई होती, तिला 'एक' सांगितलं. ती मान हलवून गेली. नाव आठवत नाही.

कुणाचं काय बिघडलं? तेवढीच पाकिटं, तेवढीच माणसं. एकाचं दुसऱ्याला गेलं, बेरीज तीच राहिली.

पूस ९

शीतलहर. ऑपरेशन थिएटरमधला हीटर बिघडला. वॉर्डात घोंगड्या कमी पडल्या म्हणून नीरूने पडदे काढून लोकांच्या अंगावर घातले. वॉर्डाची सिस्टर ती, पण पोरीचं डोकं चालतं. माझं चालत नाही. एका म्हातारीला "उजवा डोळा दाखवा" म्हणण्याऐवजी "उजवा डोळा द्या" म्हणाले. ती म्हणाली, "घे बाई, माझ्या तरी काय कामाचा?"

पूस १४

दोघी बहिणी आल्या. थोरली सुभद्रा, एकाहत्तर. धाकटी चंद्रकला, सहासष्ट. दोघी विधवा, दोघी एकाच अंगणात. दोन दिवस प्रवास करून आल्या होत्या. थोरलीला थोडं अंधुक दिसतं, धाकटीला उजेड तेवढा समजतो. धाकटीने थोरलीच्या पदराचं टोक मनगटाला बांधलं होतं.

"आधी हिचं करा," थोरली म्हणाली. "ही घरात चालायला लागली की भांडीच बोलतात."

"आणि ही?" धाकटी म्हणाली. "परवा मीठ समजून डाळीत साखर ओतली, आणि वर मलाच म्हणते, तुझ्या जिभेला मोतीबिंदू झालाय."

गाव विचारलं तर माझ्या माहेरापासून दोन कोसांवरचं. थोरलीने माझ्या आजीचं नाव घेतलं, आजी हळदीचं लोणचं कसं घालायची तेही सांगितलं. पाणी सुटायचंच बाकी होतं. तोंडाला की डोळ्यांना, कळेना.

थोरलीच्या पाकिटात 'दोन'. धाकटीच्या पाकिटात 'एक'.

थोरलीच म्हणाली, "म्हणजे हिला परत यायचं? माझे दोन्ही, हिचा एक? मग घरी भांडी निम्मीच बोलतील." हसली, आणि धाकटीच्या मनगटावरची गाठ घट्ट केली.

मी पुढचं पाकीट उघडलं. 'दोन' होतं. ते चंद्रकला काकींना दिलं.

टेबलाशेजारी जमिनीवर एक माणूस बसला होता, गमछा कानाला गुंडाळून. त्याचा नंबर पुढचा. बिलट सदा, साठीचा असेल, मुसहर जातीचा, वीटभट्टीवर कामाला. दोन्ही डोळे पांढरे झालेले. त्याला 'एक' सांगितलं. नाव लक्षात राहिलं, कारण त्याचा अंगठा उमटेना. विटांनी रेषाच घासून गेल्यात. तीनदा शाई लावावी लागली.

"उद्या उजवा करतील. डाव्यासाठी माघच्या पंधराला परत ये," म्हटलं.

"बरं, मालकीण," म्हणाला. बस, एवढंच.

पूस १६

सकाळी पट्ट्या काढल्या. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, "अगो, तू एवढी म्हातारी कधी झालीस?" थोरली म्हणाली, "तुझी वाट बघता बघता." सगळा वॉर्ड हसला. नीरू हसली. मीसुद्धा. कितीतरी दिवसांनी मला वाटलं की मी या दवाखान्यात काहीतरी करते, नुसते कागद भरत नाही.

बिलटची पट्टीही निघाली असेल. त्या बाजूला जायला झालं नाही.

पूस १८

चंद्रकला काकींचा डावा डोळा रात्रीपासून ठणकतोय. नीरू सकाळी धावत आली. डोळा लाल, बुबुळाखाली पांढरी रेघ साचलेली. पू. मॅडमनी अर्ध्या तासात थिएटरमध्ये घेतलं, डोळ्यात औषधाची सुई दिली. उजवा डोळा स्वच्छ आहे. थोरलीचे दोन्ही स्वच्छ. त्या दिवशीच्या बाकी सगळ्यांचे स्वच्छ.

फक्त डावा. पाकिटात 'एक' होतं तेव्हा आधी उजवाच करायचा होता. डावा त्या दिवशी कुणी हातात घेणारच नव्हतं.

हात धुवायला गेले तर नळाखाली हात धरून किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मागे रांग लागली होती.

पूस २१

दुसरी सुई. फरक नाही. बॅटरी धरली की काकी विचारतात, "लावली का?"

थोरली बाकावर बसून जपमाळ ओढते आणि मधूनच मला जवळ बोलावून माझ्याच पाठीवर हात फिरवते. "तू का वाळलीस गो? जेवतेस ना?"

जेवते. भात खाते, चव लागत नाही. ह्यांनी दोनदा विचारलं काय झालं. थंडी, म्हटलं.

पूस २४

डोळा गेला. काढावा लागणार नाही, पण त्याला उजेडही समजत नाही.

मॅडमना सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या काठमांडूच्या समितीला पाठवायचा अहवाल त्या लिहीत होत्या, आणि मला म्हणाल्या, "यांचं पाकीट काढून दे, पुनीता, नंबर लिहायचाय." मी पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि तोंडातून निघून गेलं, "हे यांचं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण आज साठीच्या दिसल्या.

"किती वेळा केलंस?"

"एकदाच."

चहावर साय धरली होती, ती बोटाने बाजूला केली आणि चहा तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "उद्या टोकनचं रजिस्टर घेऊन ये."

मी एकदाच का म्हटलं? विचार करून म्हटलं नाही. चोरी पकडली की मुलं म्हणतात तसं म्हटलं.

पूस २५

रजिस्टर घेऊन गेले, आणि वाटेत ठरवून सात नावं एका कागदावर लिहिली. मॅडमसमोर कागद ठेवला. म्हटलं, "काल खोटं बोलले."

त्यांनी कागद बाजूला सारला आणि माझ्यासमोर रजिस्टर उघडलं. ज्याचं टोकन आधीचं पण पाकीट नंतरचं, तिथे तिथे पेन्सिलने खूण करत गेल्या. नऊ निघाल्या. दोन मला खरंच आठवत नाहीत. केव्हा केल्या, कुणासाठी केल्या, काहीच नाही. हाताला सवय झाली होती म्हणायची.

मग त्यांनी नावं वाचली. ज्यांना मी 'दोन' दिलं ती आधी : "मिश्र. कर्ण. झा. झा. लाल दास. मिश्र. ठाकूर. झा. कर्ण." श्वास घेतला, आणि मग ज्यांच्या वाट्याला त्यांचं 'एक' गेलं ती : "राम. पासवान. सदा. खातून. मंडल. राम. सदा. सदा. पासवान."

वाचून थांबल्या. मॅडम काठमांडूच्या, पण सात वर्षांत आमच्याकडची आडनावं, कुठलं वरच्या जातीचं आणि कुठलं नाही, त्यांना चांगली कळायला लागली आहेत.

"मी आडनाव बघून नाही केलं, मॅडम," म्हटलं. "जे बोलले त्यांच्यासाठी केलं. गयावया केली, अडचण सांगितली. बाकीचे काही बोललेच नाहीत. मला कसं कळणार?"

"पुनीता, दोन्ही डोळे एकदम करणं बरं की वाईट, हे मला चार वर्षं झाली तरी माहीत नाही. तुला माहीत होतं. म्हणून तर मला पाकिटं बंद करावी लागली. ती चोरांसाठी नाहीत केली. तुझ्यासारख्या मायाळू माणसांसाठी केली." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, "आता जा. मला समितीला काय लिहायचं ते बघू दे."

जे बोललेच नाहीत त्यांच्यासाठी मी काय करायला हवं होतं? दिवसभर हेच डोक्यात. मला खरंच कळत नाही. टेबलाशी पाचशे माणसं येतात. प्रत्येकाला काय, "काही सांगायचंय का" म्हणून विचारत बसू?

माघ २

काल संक्रांत होती. दोघी बहिणी उद्या घरी जाणार. त्यांच्यासाठी चुरमुऱ्याचे लाडू घेऊन गेले आणि वॉर्डाबाहेर उन्हात बसून सगळं सांगितलं. पाकीट, 'एक', पुढचं पाकीट, डावा डोळा. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पण मी सांगायला हवं असंही म्हणाल्या होत्या.

थोरलीने जपमाळ मांडीवर ठेवली. मला वाटलं आता मारेल. मारायला हवं होतं.

"आमच्यासाठीच केलंस ना?" ती म्हणाली.

"हो, पण..."

"मग झालं. परक्यासाठी कोण करतं?"

चंद्रकला काकींनी चाचपत माझा हात धरला. उजव्या डोळ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आजीसारखं नाक आहे गो तुझं," म्हणाल्या. "मला एक डोळा तरी मिळाला. आले तेव्हा तोही नव्हता. रडू नकोस, डोळे सुजतील, मग लोकांना काय समजावशील?" आणि माझ्याच आणलेल्या लाडवांतला एक माझ्या तोंडात घातला.

मला वाटलं होतं, माफी मिळाली की हलकं वाटेल. लाडू गिळताना तो दगडासारखा उतरला.

माघ १०

समितीचं उत्तर आलं. माझ्या हातून गेलेली सगळी पाकिटं बाद. नऊ नव्हे, सगळी. नऊ सापडली, पण न सापडलेली किती कोण सांगणार, असं त्यांनी लिहिलंय. चारशे एकतीस माणसं. ज्यांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवून अंगठे दिले, थेंब घातले, तपासणीला परत परत आले, ती सगळी आता मोजणीत नाहीत. मॅडमना आणखी दोन हिवाळे काढावे लागतील.

समितीने मला काढायला सांगितलं होतं. मॅडमनी लिहून कळवलं की हिला अभ्यासातून काढते, दवाखान्यातून नाही. मला नोंदणीच्या दोन नंबर खिडकीवर बसवलंय. पाकिटं नीरूकडे. ती गठ्ठा कुलूपबंद ठेवते आणि किल्ली मॅडमच्या टेबलावर. मी समोरून गेले की माझ्याकडे बघत नाही. पूर्वी डब्यातलं वाटून खायचो.

"एक काम कर," मॅडम म्हणाल्या. "ज्यांच्या वाट्याला 'एक' गेलं त्या नऊ जणांचे दुसरे डोळे झालेत का ते बघ. नसतील झाले तर जाऊन आण."

रजिस्टर पाहिलं. सहा जण येऊन करून गेले किंवा तारखा घेतल्या. दोन पूर्वेकडचे, त्यांना फोन लागला, येतो म्हणाले. बिलट सदाची तारीख पंधराला आहे. बघू.

माघ १६

आला नाही.

माघ २१, शनिवार

सुट्टी. ह्यांच्या सायकलीवर मागे बसून मुसहरांच्या वस्तीत गेले. तिथे कळलं की तो भट्टीवर आहे. भट्टी पुढे तीन कोस. ह्यांनी तिथवर सायकल मारली, एक शब्द बोलले नाहीत. मी सगळं सांगितल्यापासून घरात हे असंच आहे. रुसलेत असं नाही. जपून वागतात, पाहुण्यासारखे.

बिलट सदा वाळायला घातलेल्या विटांच्या ओळींमध्ये उकिडवा बसला होता. उजव्या पायाच्या अंगठ्याला कापड गुंडाळलेलं, वर चिखल वाळलेला.

"पायाला काय झालं?"

"विटांचा थर पडला." मग त्याने डाव्या डोळ्याकडे बोट दाखवलं. "एकच डोळा केला ना, मालकीण, त्यामुळे जवळचं लांबचं कळत नाही. वीट इथे दिसते, हात घालतो तर तिथे असते. थोडी सवय झाली आता."

मी म्हटलं, माघच्या पंधराला यायचं होतं. तो म्हणाला, "भट्टीचा मुन्शी सोडत नाही. एकदा पूसात सोडलं, ते दोन्ही डोळे एकाच खेपेत होतील म्हणून सोडलं होतं."

तेव्हा सांगितलं. उभ्या उभ्याच. की तुझं पाकीट दुसरं होतं. मी बदललं.

त्याने हातातला साचा खाली ठेवला, पण आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. "ठाऊक आहे," म्हणाला.

"कसं?"

"टेबलाशीच तर खाली बसलो होतो. तेव्हा दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. माझ्या आधीच्या बाईसाठी कागद दोनदा फाटला. दुसऱ्यांदा फाडल्यावर तुम्ही तिला म्हणालात, 'दोन.' मग माझं नाव विचारलंत, अंगठा घेतलात, आणि कागद फाडलाच नाहीत. तरी म्हणालात, 'एक.'"

भट्टीच्या धुराने माझे डोळे चुरचुरत होते. मागे हे सायकल धरून उभे होते, त्यांनीही ऐकलं.

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चांगलं केलंय मॅडमनी तो डोळा, बुबुळ अगदी काळंभोर, भिंग मध्यावर.

"कुणाशी?" तो म्हणाला.

तिथे टेबल एकच होतं, आणि त्याच्यामागे मी होते.

मग मीच बोलत सुटले. गाडी पाठवते, मुन्शीशी बोलते, मॅडमची चिठ्ठी आणते, पायालाही दवाखान्यात पट्टी करून देतील. तो मधेच म्हणाला, "अजून पाकीट काढतात का तिथे?"

"तुमच्यासाठी नाही आता. सरळ डावा डोळा करतील."

"मग होळी झाली की येतो," म्हणाला, आणि साचा पुन्हा उचलला.

फागुन ४

मुन्शीकडे मॅडमची चिठ्ठी पोचवली. दोन दिवसांची सुट्टी कबूल केली आहे. ह्यांनीच नेऊन दिली चिठ्ठी, मला न सांगता. संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "भला माणूस आहे तो." कोण, मुन्शी की बिलट, ते विचारलं नाही.

फागुन १९

गर्दी ओसरत आली. उन्हाची तिरीप खिडकीतून टेबलावर येते तेव्हा झोप येते. आज एका बाईची नोंद करताना मी विचारलं, "अजून काही सांगायचंय?" ती म्हणाली, "कशाबद्दल?" मागचा माणूस ओरडला, "दिदी, लवकर करा, बस चुकेल!" मी पुढची नोंद घेतली.

चैत ९

बिलट सदा आले.

मी त्यांना फाटकातच ओळखलं. धुतलेला सदरा, गमछा खांद्यावर, पायात चपला. पाय बरा दिसला. नोंदणीच्या दोनच खिडक्या उघड्या होत्या. एक नंबरला तीस-पस्तीस माणसं, माझ्या दोन नंबरला चार. ते माझ्या रांगेकडे येऊ लागले, वीसेक पावलांवरून समोर पाहिलं, थांबले, आणि वळून एक नंबरच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

शिपाई म्हणाला, "बाबा, इकडे या, ही मोकळी आहे."

"असू दे," ते म्हणाले. "इथेच बरा आहे."

माझी चार माणसं झाली, मग आणखी सहा आली, तीही झाली. एकदा उठून जावं, त्यांचा कागद मीच घेऊन यावा असं वाटलं. खुर्ची मागे सारलीसुद्धा. मग वाटलं, ही परत माझीच मर्जी झाली. बसून राहिले. पावणेदोन तास ते उभे होते. मध्ये एकदा खांबाला टेकले, रांग सरकली की पुन्हा सरळ व्हायचे.

दीड वाजता त्यांचा कागद झाला. उद्या सकाळी डावा डोळा, चौथा नंबर. मी नंतर रजिस्टरमध्ये पाहिलं. वॉर्डाकडे जाताना ते माझ्या खिडकीसमोरूनच गेले, भिंतीला हात न लावता, कागद छातीशी धरून. मी बघत होते. त्यांनाही मी दिसत होते.